नवीन सुपरवायझर झालात? कुणाला सांगायचं, कुणाला विचारायचं आणि कधी मधे पडायचं नाही

हे लिहितोय ते ज्यांना कारखान्यात आत्ता आत्ता लाइन (एकामागोमाग लावलेली मशीन आणि त्यांच्यावरची माणसं) सांभाळायला मिळालीय त्यांच्यासाठी. म्हणजे डिप्लोमा नाहीतर बीई करून चाकण, भोसरी, वाळूज, अंबड, बुटीबोरी अशा कुठल्यातरी एमआयडीसीत ट्रेनी म्हणून लागलात, काही महिने एक्सेल आणि ऑडिटच्या फाइली सांभाळल्या आणि एक दिवस साहेब म्हणाले उद्यापासून सेकंड शिफ्ट तू बघ. किंवा तुम्ही स्वतःच ऑपरेटर होतात, काम चोख म्हणून वर घेतलं. ऑफिसात टीम लीड झालेल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल पण मी उदाहरणं शॉप फ्लोअरचीच देणार, कारण मला तेच माहितीय.

लाइन मिळाली की दोन प्रकारचे सल्ले लगेच येतात. एक म्हणतो कडक राहा नाहीतर डोक्यावर बसतील. दुसरा म्हणतो गोड बोलून काम काढून घे, आरडाओरडा करणाऱ्याचं कोण ऐकत नाही. दोघंही आपापल्या अनुभवातून बोलत असतात आणि दोघंही अर्धे बरोबर असतात. कुणाशी, कोणत्या कामाच्या वेळी, कसं वागायचं हे मात्र कुणी सांगत नाही, ते खाली पायरीपायरीने लिहिलंय.

पायरी १: पहिला आठवडा काहीही बदलू नका

नवीन साहेब आला की पहिल्या दिवशी बिन (पार्ट ठेवायचे डबे) इकडची तिकडे करतो, टेबल हलवतो, चहाची वेळ बदलतो. कशाला? आठवडाभर नुसतं उभं राहून बघा. कोण मशीन सुरू करायच्या आधी सगळं तपासतो, कोण थेट बटण दाबतो, अडचण आली की पोरं कुणाकडे जातात (तुमच्याकडे नाही जात, हे लक्षात येईलच), कुणाच्या मशीनवर शिफ्ट संपताना पसारा असतो. आधीची शिफ्ट हँडओव्हर कशी देते तेही बघा, वहीत लिहून देते का जाता जाता गेटवर ओरडून सांगते.

आणि नावं पाठ करा. हे फालतू वाटतं पण नाही. बाहेरून आलेल्या प्रत्येकाला भैया आणि प्रत्येक बाईला ए ताई करून चालवणारे सुपरवायझर मी बरेच बघितलेत, त्यांना वर्ष झालं तरी माहीत नसतं कोण बिहारचा कोण ओडिशाचा. वयाने मोठ्या माणसाला काका, मामा, अण्णा जे तिथे चालत असेल ते म्हणा, तुम्ही इंजिनिअर असलात तरी त्याने काही कमी होत नाही.

पायरी २: स्किल मॅट्रिक्स काढा आणि त्याच्यावर विश्वास ठेवू नका

बहुतेक कंपन्यांत लाइनच्या बोर्डावर स्किल मॅट्रिक्स लावलेलं असतं. डाव्या बाजूला माणसांची नावं, वर ऑपरेशन, आणि प्रत्येक चौकटीत चार भाग केलेला गोल. एक भाग काळा म्हणजे शिकतोय, दोन म्हणजे कुणी लक्ष ठेवलं तर करतो, तीन म्हणजे एकटा करतो, चार म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. ऑडिटला दाखवायचा कागद म्हणून सगळे त्याच्याकडे बघतात पण खरं सांगतो, नव्या सुपरवायझरला कसं वागायचं हे सांगणारा याच्याइतका कामाचा कागद कंपनीत दुसरा नाही.

कारण यात माणसाला एकच मार्क नसतो. एकाच माणसाच्या ओळीत एका ऑपरेशनला चार भाग काळे असतात आणि शेजारच्याला एक. सगळी गोम इथे आहे. आपण म्हणतो गणेश हुशार आहे, सलीम नवीन आहे, काकांना सगळं येतं. असं काही नसतं. काकांना लेथ येते, रोबोचा पेंडंट (हातात धरून रोबो चालवायचा कंट्रोल) नाही येत. सलीम लाइनवर नवीन असेल पण आधीच्या कंपनीत वेल्डिंग करून आलाय, वेल्डिंगमध्ये तो तुम्हाला शिकवेल. म्हणजे कसं वागायचं हे ठरवताना माणूस आणि काम अशी जोडी बघायची.

पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड या दोघांनी १९६९ मध्ये हेच मांडलं होतं, मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगमध्ये सिच्युएशनल लीडरशिप म्हणून शिकवतात ते. माणसाला ते काम किती येतं आणि करायची तयारी किती, यावरून चार पद्धती: नुसतं सांगणं, पटवून सांगणं, सोबत बसून ठरवणं, आणि सोपवून मोकळं होणं. थिअरी म्हणून ती शंभर टक्के सिद्ध झालीय असं समजू नका, त्याच्यावर टीका बरीच झालीय, १९८७ मध्ये रॉबर्ट व्हेक्चिओ यांनी शाळेतल्या शिक्षकांवर ती तपासली तेव्हा नव्याने लागलेल्यांच्या बाबतीत ती बऱ्यापैकी जुळली, अनुभवी लोकांच्या बाबतीत तितकी नाही. पण लाइनवर विचार करायला सुरुवात म्हणून पुरेशी आहे.

आता मॅट्रिक्सवर विश्वास का नको म्हणालो. कारण ते बऱ्याचदा ऑडिटच्या आदल्या रात्री भरलेलं असतं. म्हणून खिशातल्या डायरीत स्वतःचं बनवा. नाव, काम, आणि दोनच प्रश्न. येतं का? करायची इच्छा आहे का? दोन्ही वेगळे लिहा, कारण येत नसलेल्याला झापून काही उपयोग नाही आणि इच्छा नसलेल्याला परत ट्रेनिंग देऊन काही उपयोग नाही. बहुतेक सुपरवायझर नेमकं उलटं करतात. ही डायरी कुणाला दाखवू नका हे वेगळं सांगायला नको.

पायरी ३: नव्या माणसाला पूर्ण सांगा, अर्धवट नको

ज्याला ते काम येतच नाही त्याला "तुला काय वाटतं" विचारू नका. त्याला काही वाटत नसतं, तो घाबरलेला असतो. इथे स्पष्ट सांगणं हीच माणुसकी. काय करायचं, कसं, कोणत्या क्रमाने, काय अजिबात करायचं नाही.

शिकवायची पद्धत जुनी आणि सोपी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले कारखाने रातोरात वाढले, नवखी माणसं भरली, त्यांना पटकन शिकवायला १९४० ते ४५ मध्ये ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री नावाचा कार्यक्रम चालवला, पुढे तो जपानला गेला आणि टोयोटाने उचलला. त्यातल्या शिकवण्याच्या चार पायऱ्या अशा:

आधी माणसाला मोकळं करा, काम काय आहे सांगा, आधी काय केलंय विचारा.
मग तुम्ही करून दाखवा, एकदा नुसतं, एकदा टप्पे सांगत, एकदा महत्त्वाच्या गोष्टी आणि त्यामागचं कारण सांगत.
मग त्याला करायला लावा आणि करताना तोंडाने बोलायला लावा.
मग एकटं सोडा, पण अडलं तर कुणाकडे जायचं ते नाव घेऊन सांगा, आणि सुरुवातीला वारंवार बघा, नंतर कमी करत जा.

त्या लोकांचं एक वाक्य होतं, कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलं नाही. पटो न पटो, धरून चाला.

आपल्याकडे सगळ्यात जास्त बोंब या चारातल्या तिसऱ्या पायरीवर, म्हणजे त्याला करायला लावण्यावर होते. आपण भराभर दाखवतो आणि विचारतो, "समझा क्या?" तो म्हणतो, "हां सर." संपलं. या हां सरला काडीची किंमत नाही. मी तर सांगतो हा प्रश्नच विचारू नका. "मला करून दाखव आणि का करतोस ते सांग" असं म्हणा. टॉर्क रेंचचा क्लिक आवाज आल्यावर परत का दाबायचं नाही, गो गेज बसलं आणि नो-गो (माप तपासायचं दुसरं गेज, जे बसता कामा नये) पण बसलं तर पार्ट कोणत्या बिनमध्ये, एअर गन अंगावर का मारायची नाही. कारण माहीत असलं की माणूस रात्री तीन वाजता पण नीट करतो, कारण माहीत नसलं की तुम्ही दिसता तेवढाच वेळ नीट करतो.

भाषेचं पण बघा. लाइनवर मराठवाड्यातली पोरं, विदर्भातली, बिहार यूपी झारखंड ओडिशातली सगळी मिक्स असतात आणि एसओपी (काम कसं करायचं त्याचा लिहिलेला कागद) इंग्लिशमध्ये भिंतीवर. फोटो लावा. बरोबर पार्टचा एक, चुकीच्या पार्टचा एक. आणि त्याच्या भाषेतला कुणी चार भागवाला असेल तर शिकवायला त्यालाच द्या, तुमच्यापेक्षा चांगलं शिकवेल.

पायरी ४: सहा महिने झालेला, मधला माणूस

नवीन माणूस सोपा असतो, जुना पण सोपा असतो, अवघड असतो तो हा मधला. काम निम्मंअधिक यायला लागलंय, नव्याची नवलाई संपलीय, पगारातून रूमभाडं आणि मेसचे पैसे गेले की हातात काय उरतं ते त्याला कळलंय, आणि आपल्यासारखे आधीचे पन्नास ट्रेनी मुदत संपल्यावर घरी गेले हे पण कुणीतरी सांगितलंय. आता हा उशिरा यायला लागतो, रिजेक्शन वाढतं, उलट उत्तर देतो. सुपरवायझर म्हणतो माजलाय. कधीकधी खरंच माजलेला असतो, पण बहुतेक वेळा हिरमुसलेला असतो.

याला नुसती ऑर्डर देऊन चालत नाही आणि मोकळं सोडून पण चालत नाही. दोन्ही लागतं, बोलणं पण आणि लक्ष पण. बाजूला घ्या, लाइनवर सगळ्यांसमोर नको. आकडे घेऊन बसा, "गेल्या आठवड्यात तुझ्या स्टेशनला एवढे पार्ट लाल बिनमध्ये गेले, काय होतंय?" आणि मग गप्प बसा, खरंच गप्प. पहिलं उत्तर मशीन खराब आहे असं असेल, ते खरं पण असू शकतं, जाऊन बघा. दुसरं उत्तर थोड्या वेळाने येतं.

परमनंटचं आमिष अजिबात दाखवू नका. "नीट काम कर, बघतो तुझं" हे वाक्य आपल्याकडे सर्रास फेकतात आणि ते देणाऱ्याच्या हातात काहीच नसतं. एकदा खोटं पडलं की त्या पोराचंच नाही, सगळ्या लाइनचं तुमच्यावरचं मन उडतं. त्याऐवजी तुमच्या हातात आहे ते द्या. दुसरं मशीन शिकवा, सेटिंग शिकवा, ड्रॉइंग वाचायला शिकवा, मॅट्रिक्समध्ये त्याचा गोल खरोखर भरा. उद्या तो दुसऱ्या कंपनीत गेला तर त्याला याचाच उपयोग आहे आणि हे त्याला तोंडावर सांगायला पण हरकत नाही. पोरं खरं ऐकून घेतात.

पायरी ५: काकांच्या मागे उभं राहू नका

वीस वर्षं एका मशीनवर काढलेला माणूस आवाजावरून सांगतो की इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) गेलाय. त्याच्या मागे उभं राहून वेळ मोजणारा पंचविशीतला सुपरवायझर हा सगळ्या शॉपच्या करमणुकीचा विषय असतो. इथे तुमचं काम एवढंच, टार्गेट सांगायचं, त्याला लागणारं टूल, मटेरियल, मेंटेनन्स वेळेवर आणून द्यायचं आणि बाजूला व्हायचं. विचारा, "काका, हे असं का करता?" परीक्षा घ्यायला नको, शिकायला विचारा. फरक त्यांना लगेच कळतो.

पण हेच काका. जुनं मशीन गेलं, नवीन सीएनसी (कॉम्प्युटर प्रोग्रॅमवर चालणारं मशीन) आली, किंवा लोडिंगला रोबो लागला. आता मॅट्रिक्समध्ये त्यांचा गोल रिकामा आहे. आणि बहुतेक सुपरवायझर इथे फसतात, एक तर "काकांना काय सांगायचं, त्यांना येतं सगळं" म्हणून वाऱ्यावर सोडतात, नाहीतर पोरासोरांसारखं सगळ्यांसमोर शिकवायला जातात. पहिल्यात मशीन ठोकलं जातं, दुसऱ्यात काका दुखावले जातात आणि मग युनियनच्या कमिटीपर्यंत विषय जातो.

करायचं असं. पायरी तीनचं शिकवणं जसंच्या तसं, एकही टप्पा न गाळता, पण जागा आणि वेळ बदला. मशीन लावायला जो इंजिनिअर कंपनीकडून येतो त्याच्यासोबत पहिल्या दिवसापासून काकांना उभं करा, पोरांच्या आधी. शिफ्ट सुटल्यावर नाहीतर जेवणाच्या सुट्टीच्या आधी अर्धा तास, गर्दी नसताना. आणि त्यांना जे येतं ते त्यात मिसळा, प्रोग्रॅम नवा असेल पण जॉब कसा पकडायचा, चिप कशी येतेय, फिनिश का बिघडली हे त्यांनाच कळतं. काही महिन्यांनी गोल भरला की परत मागे व्हा. म्हणजे एकाच माणसाशी एकाच वर्षात तीन प्रकारे वागलात, आणि ते बरोबरच आहे.

पायरी ६: सोपवणं म्हणजे गायब होणं नाही

काम सोपवताना चार गोष्टी तोंडाने बोला. काय पाहिजे आणि कधीपर्यंत. त्याला स्वतःच्या अधिकारात काय करता येईल (टूल बदलू शकतो, प्रोग्रॅमचा ऑफसेट (मापातली बारीक दुरुस्ती) बदलू शकतो का नाही, लाइन थांबवू शकतो का). कशाला तुम्हाला फोन करायचाच. आणि तुम्ही कधी येऊन बघणार. चौथी गोष्ट लोक विसरतात आणि मग अचानक उगवतात, म्हणजे माणसाला वाटतं भरवसा नाही. आधी सांगितलं असलं की अकरा वाजता येतो, तर अकराला आलेला माणूस पाळत ठेवणारा वाटत नाही.

तुमची पद्धत बरोबर लागलीय का हे बघायचं साधं माप म्हणजे तुम्ही लाइनवर नसताना काय होतं. कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी अमेरिकेत आयोवामध्ये दहा वर्षांच्या आसपासच्या मुलांचे गट करून एक प्रयोग केला होता, १९३९ मध्ये छापून आला. एका गटाला हुकूम सोडणारा लीडर, एकाला चर्चा करून ठरवणारा, एकाला नुसता बसून राहणारा. हुकूमवाल्या गटात काम भरपूर झालं, पण लीडर खोलीबाहेर गेला की ढेपाळलं. चर्चावाल्या गटात तो नसतानाही चालू राहिलं. नुसत्या बसणाऱ्याचं कामही सगळ्यात कमी. मुलं मुखवटे वगैरे बनवत होती, पिस्टन नाही, त्यामुळे जसंच्या तसं लावू नका. तरी तुमच्या लाइनचा दर तासाचा प्रॉडक्शन बोर्ड काढून बघा, तुम्ही मिटिंगला असता त्या तासाला आकडा पडतो का. पडत असेल तर तुम्ही माणसं शिकवली नाहीत, नुसती हाकलताय.

पायरी ७: काही प्रसंगात माणूस कोण आहे ते बघायचंच नाही

वरचं सगळं रोजच्या कामासाठी. पण काही वेळा प्रसंगच पद्धत ठरवतो, समोर चार भाग भरलेले काका असोत नाहीतर कालचा ट्रेनी.

सेफ्टी. इथे चर्चा नाही. पॉवर प्रेसवर दोन हातांनी दाबायचं बटण असतं ते याचसाठी की स्ट्रोक खाली येताना दोन्ही हात बाहेर असावेत, आणि सायकल टाइम (एका पार्टला लागणारा वेळ) वाचवायला कुणीतरी एक बटण बांधून ठेवतो किंवा लाइट कर्टन (हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा) बायपास करतो. प्रेसवर बोटं जातात ती अशीच. दिसलं की मशीन बंद, त्याच क्षणी, टार्गेट गेलं खड्ड्यात. कोण आहे, किती सिनियर आहे, कुणाचा माणूस आहे काही बघू नका. आणि जर वरच्या साहेबांच्या मूक संमतीने ते चालू असेल तर लेखी द्या, ईमेल टाका, व्हॉट्सॲपवर फोटो टाका, तोंडी सांगून घरी जाऊ नका. इथे गोड राहणारा सुपरवायझर मला अजिबात चांगला वाटत नाही, मग पोरं त्याला कितीही दादा दादा करोत.

आग, गॅस लीक, अपघात. छोटी वाक्यं, नाव घेऊन. "कुणीतरी अँब्युलन्स बोलवा" म्हटलं की कुणीच बोलवत नाही. "संतोष, तू सिक्युरिटीला फोन कर. राजू, मेन स्विच. बाकीचे असेंब्ली पॉइंटला." बास.

कस्टमरचं मटेरियल होल्ड, म्हणजे शंका आली म्हणून अडवून ठेवलेला माल. संशयित लॉट वेगळा करायचा का नाही यावर मत घेऊ नका, करायचाच. तो पुढे पाठवायचा का याचा निर्णय क्वालिटीचा आहे, तुमचा पण नाही.

लाइन बंद पडलीय आणि कस्टमरची गाडी गेटवर उभी. इथे बराच वेळ हुकूमच चालतो, कोण काय करणार पटापट वाटून द्या. पण एक प्रश्न सुरुवातीलाच त्या मशीनवरच्या माणसाला विचारा, बंद पडायच्या आधी काय वेगळं झालं? मेंटेनन्सचा अर्धा तास याने वाचतो आणि हा प्रश्न विचारायला लोक विसरतात कारण सगळे ओरडण्यात बिझी असतात.

गाडी गेली, लाइन सुरू झाली, की पद्धत लगेच उलटी करा. दुसऱ्या दिवशी व्हाय व्हाय (परत परत "का" विचारून मूळ कारण शोधणं) करायला बसाल तेव्हा तुम्ही शेवटी बोला. ऑपरेटर आधी, मग सेटर, मग मेंटेनन्स. सुपरवायझर पहिल्यांदा बोलला की त्याचंच कारण रूट कॉज ठरतं आणि ॲक्शनमध्ये "ऑपरेटरला समज दिली" लिहून फाइल बंद होते, मग महिनाभराने तेच रिजेक्शन परत. लेआउट बदलायचा असेल, नवीन फिक्स्चर घ्यायचं असेल तेव्हा पण असंच, जो आठ तास तिथे उभा राहणार त्याला ट्रायलच्या आधी विचारा, पीओ (खरेदीची ऑर्डर) गेल्यावर नको.

आणि सुट्ट्या. हा मोठा विषय आहे. गणपतीला कोकणवाले जाणार म्हणजे जाणार, पोळ्याला विदर्भातले, चैत्रात प्रत्येकाच्या गावची जत्रा वेगळ्या तारखेला, दिवाळीला सगळेच आणि दिवाळी झाली की लगेच छटपूजेला बिहारवाले, ईदला मुस्लिम पोरं. सुपरवायझर एकटा बसून रोस्टर लावतो आणि मग त्या दिवशी निम्मी लाइन "आजारी" पडते. त्यापेक्षा दीड महिना आधी बोर्डावर कॅलेंडर लावा, सांगा की रोज किमान इतकी माणसं आणि या या मशीनला येणारा एक तरी पाहिजे, बाकी तुम्ही आपसात ठरवा. ते ठरवतात. भांडतात थोडे, पण ठरवतात, दिवाळीला मी थांबतो छटला तू सांभाळ असं आपसात होतं आणि ते ठरलेलं पाळलं जातं कारण तुमचं नाही, त्यांचं आपसातलं असतं. तुमची अट मात्र आधी आणि स्पष्ट पाहिजे, नंतर बदलली की संपलं.

पायरी ८: बदलताय ते बोलून दाखवा

हे कुणी सांगत नाही म्हणून जरा जास्त लिहितो. तुम्ही माणसागणिक आणि प्रसंगागणिक वेगळं वागायला लागलात की समोरून ते कसं दिसतं? काल विचारत होता, आज ओरडतोय. त्याला मोकळं सोडलंय, माझ्या मागे लागलाय. लहरी आहे. नाहीतर सरळ, गाववाल्याला सांभाळतो. तुमच्या डायरीतलं गणित त्यांना माहीत नाही.

म्हणून तोंडाने सांगा. "आज वेळ नाही, मी सांगतो तसं करा, संध्याकाळी बोलू", आणि संध्याकाळी खरंच बोला. "या मशीनवर तू नवीन आहेस म्हणून पंधरा दिवस मी दर तासाला येणार, नंतर नाही येणार." "हे तुमच्यावर सोडलंय, मी मधे पडणार नाही." एका वाक्याचं काम असतं. ट्रेनिंग विदिन इंडस्ट्रीच्या त्याच कार्यक्रमात माणसं सांभाळायच्या भागात चार गोष्टी दिल्या होत्या त्यातली एक हीच, ज्या बदलाचा माणसावर परिणाम होणार तो त्याला आधी सांगा. (बाकी तीन म्हणजे काम कसं चाललंय ते ज्याचं त्याला सांगा, चांगलं केलं तर तेव्हाच कौतुक करा, आणि प्रत्येकाच्या अंगात जे आहे त्याचा पुरेपूर उपयोग करा. ऐंशी वर्षं जुनं आहे, अजून कुणी नीट करत नाही.)

आणि एक हद्द ठेवा. बोलायची, शिकवायची, लक्ष ठेवायची पद्धत माणसाप्रमाणे बदलू शकते, नियम नाही. बूट, गॉगल, हजेरी, उशिराची नोंद, ओव्हरटाइमची पाळी हे परमनंट, कंत्राटी, ट्रेनी, काका, सगळ्यांना एकच. ओव्हरटाइम तर खास, कारण तो पैशाचा विषय आहे, नेहमी त्याच चौघांना मिळाला तर तुमची बाकी सगळी लीडरशिप पाण्यात.

पायरी ९: कालपर्यंत जे मित्र होते

ऑपरेटरचे सुपरवायझर झालात तर ही वेगळी अडचण. पहिल्या दोन आठवड्यांत कुणीतरी मैत्री तपासून बघणारच, पंच करून दे, लवकर सोड, लॉट पुढे ढकल. एकट्याला गाठून हसतखेळत पण स्पष्ट नाही म्हणा, आणि पहिल्यांदाच म्हणा. चहा सोबतच प्या, टपरी बदलू नका, ग्रुपवरून लेफ्ट होऊ नका. त्याच्या उलट काहीजण मित्र आहेत हे विसरलो दाखवायला जास्तच कडक होतात, ते सगळ्यांना कळतं आणि केविलवाणं दिसतं.

पायरी १०: जिथे तुमचा हुकूम चालत नाही

मेंटेनन्स, टूल रूम, क्वालिटी, स्टोअर. हे लोक तुम्हाला रिपोर्ट करत नाहीत, इथे ओरडणं म्हणजे पुढच्या वेळी तुमचं मशीन यादीत शेवटी. त्यांना माहिती द्या, किती वाजता बंद पडलं, कोणता अलार्म, आधी काय केलं, किती पार्ट अडकलेत. मशीन सुरू करून देणाऱ्या मेंटेनन्सच्या माणसाचं नाव सकाळच्या मिटिंगमध्ये त्याच्या साहेबांसमोर घ्या, फुकट आहे आणि लक्षात राहतं. वरच्या साहेबांशी पण पद्धत बदलावी लागते, काहींना रोज फोन हवा असतो, काहींना फोन आला की वैताग येतो, सरळ विचारून घ्या की कोणत्या गोष्टीसाठी रात्री उठवू.

कुठे चुकतंय हे कसं ओळखायचं

फार उशीर व्हायच्या आधी लाइनच सांगते, बघायला पाहिजे.

घरी गेल्यावर बारीकसारीक गोष्टींना फोन येतात: इन्सर्ट बदलू का, बिन भरलं काय करू. म्हणजे तुम्ही सगळं हातात धरून ठेवलंय, पायरी सहा परत वाचा.

कुणी काही सांगतच नाही, रिजेक्शन थेट ऑडिटमध्ये नाहीतर स्क्रॅपच्या ढिगात सापडतं. म्हणजे घाबरतात. टोयोटाच्या लाइनवर कुठलाही कामगार दोरी ओढून नाहीतर बटण दाबून अडचण कळवू शकतो, गरज पडली तर लाइन थांबते. आपल्याकडे अँडॉनचा (अडचण कळवायच्या सिग्नलचा) पिवळा दिवा लावलेला असतो पण तो पेटवला की साहेब कपाळाला आठ्या घालून येतात, मग कोण पेटवणार. पुढच्या वेळी पेटला की पहिलं वाक्य "बरं झालं सांगितलंस" असू द्या, मग बाकीचं.

रिजेक्शन फक्त नव्या पोरांच्या स्टेशनला आणि रोज वेगळ्या कारणाने: शिकवणं अर्धवट राहिलंय. एकाच जुन्या माणसाच्या स्टेशनला आणि त्याच कारणाने: आधी मशीन आणि मटेरियल बघा, मग माणसाशी बोला, याच क्रमाने.

सगळे तुमच्याशी खूप छान बोलतात आणि टार्गेट मात्र रोज थोडं कमी पडतं. म्हणजे तुम्ही कुणाला काही मागतच नाही. त्या आयोवातल्या तिसऱ्या लीडरसारखे नुसते हजर आहात.

डायरीतलं मॅट्रिक्स महिन्यातून एकदा नवीन करा, आणि नवीन मॉडेल सुरू झालं, मशीन बदललं, माणूस दुसऱ्या लाइनवरून आला की महिन्याची वाट न बघता त्याच दिवशी. तारीख टाका, जुनी पानं फाडू नका. अप्रेजलच्या वेळी एचआरवाले विचारतात ना याने वर्षभरात काय शिकलं, तेव्हा ती पानं उघडून बसा, कारण बाकीचे सुपरवायझर त्या वेळी आठवेल ते सांगत असतात आणि त्यात नुकसान त्या पोरांचं होतं.